काठी, बिल्ला आणि चपरास



आमच्या घरी दिवाणाखाली एक लांबट लाकडी पेटी आहे. तिच्यात नऊ काठ्या, चौदा पितळी बिल्ले आणि तीन पट्टे आहेत. नातवंडांना ती पेटी म्हणजे खजिना वाटते, सौ.ना ती केर काढताना आडवी येणारी अडगळ वाटते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मास्तरांचे खूळ. "गुरुजी, शाळेतल्या छड्या कमी पडल्या काय?" हा विनोद मी आजवर वीस जणांकडून तरी ऐकला असेल. सगळा माल चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतला. काठ्या कोतवालांच्या आणि पोलीस शिपायांच्या. बिल्ले कोतवाल, चपराशी आणि जंगलखात्याचे नाकेदार यांचे.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात असतो. तिथल्या जुन्या बाजारात त्याने पोलिसांचा एक दंडुका पाहिला आणि मामाची आठवण होऊन फोटो पाठवला. दंडुक्यावर चांदीची चकती, चकतीवर कोरलेला मजकूर. सोबत त्याचा प्रश्न: "मामा, तुमच्या काठ्यांवर काय लिहिलं आहे?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. भाचा वाचेलच, बाकीच्यांनीही वाचावा.

आधी इंग्लंडची गोष्ट सांगतो. तिकडे पोलिसांचे जुने दंडुके जमवणे हा चांगला रुळलेला छंद आहे. १९३५ साली अर्लंड फेन क्लार्क या गृहस्थांनी त्यावर एक पुस्तकही लिहिले. आपण दंडुका म्हटले की पाठीवर पडणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. पण तिथले जुने दंडुके रंगवलेले असत. वर राजमुकुट, खाली राजाची किंवा राणीची आद्याक्षरे, गावाचे नाव किंवा त्याचे मानचिन्ह, कधी अंकही. यामागे कारण होते. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनचे पोलीस दल उभे केले. त्याआधी गावोगाव जे शिपाई असत, त्यांना ना गणवेश होता ना ओळखपत्र. रंगवलेला दंडुका दाखवला की हा माणूस राजाच्या नावाने बोलतो आहे असे समजायचे. एक प्रकार तर असा होता की वरचा पितळी मुकुट फिरवून काढायचा आणि आतल्या पोकळीतून पकडवॉरंटाचा कागद बाहेर काढायचा. म्हणजे काठीच्या पोटात कायदा.

दंगलीची भीती असली की साध्या नागरिकांनाही शपथ देऊन तात्पुरते शिपाई करत आणि दंडुके वाटत. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनमध्ये मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांची मोठी सभा होती. तिच्या बंदोबस्तासाठी असे हजारो लोक भरती केले गेले. त्यांत लुई नेपोलियन नावाचा एक परागंदा फ्रेंच राजपुत्रही होता. त्याच वर्षाअखेर तो फ्रान्सचा अध्यक्ष झाला आणि पुढे सम्राट. इतिहास शिकवताना मी मुलांना ही गोष्ट सांगत असे. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करत.

या छंदात सर्वांत मोलाचे दंडुके म्हणजे भेटीदाखल दिलेले. अमुक गावच्या नागरिकांकडून अमुक शिपायास, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल किंवा अमुक दिवशीच्या कामगिरीबद्दल. देणारा कोण, घेणारा कोण, कशासाठी आणि कधी, सगळे त्या चकतीवर. शिपाई निवृत्त झाला की ही वस्तू त्याच्या घरी भिंतीवर लागे. नातू-पणतू ती दाखवत आणि पुढे कधीतरी गरजेपोटी विकत. म्हणून आज ती बाजारात दिसते.

आता माझ्या पेटीकडे येतो. नऊ काठ्यांपैकी एकीवरही माणसाचे नाव नाही. बिल्ल्यांवर अक्षरे आहेत, काहींवर इंग्रजी, काहींवर देवनागरी. पण मजकूर काय? खात्याचे नाव, हुद्दा, जिल्हा चांदा आणि एक आकडा. कोतवाल, नंबर अमुक. माणूस गेला की तोच बिल्ला पुढच्या माणसाच्या छातीवर. गेली तीसेक वर्षे मी या दोन जिल्ह्यांत नाव कोरलेली काठी शोधतो आहे. एकही मिळाली नाही.

याचे एक कारण कायद्यात सापडते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ मध्ये पोलिसांचा कायदा केला. त्याचे आठवे कलम असे की प्रत्येक शिपायाला नेमणुकीचे प्रमाणपत्र मिळेल, त्याच्या बळावर त्याला अधिकार मिळतील आणि नोकरी सुटताच ते लागलीच परत करावे लागेल. अधिकार अंगावर चढवायचा आणि उतरवून ठेवायचा. अंगरख्यासारखा. प्रमाणपत्राची ही रीत, तर पट्ट्या-बिल्ल्याला कोण घरी नेऊ देणार? माझ्याकडे जे आले ते कोणी परत मागायला आले नाही म्हणून उरलेले.

शब्दही काय गंमत सांगतात पाहा. 'दंड' म्हणजे काठी आणि दंड म्हणजे शिक्षाही. आपल्या भाषेने या दोन्हींसाठी वेगळा शब्द करण्याचे कष्टच घेतले नाहीत. 'चपरास' म्हणजे पट्ट्यावरची पितळी पाटी. फारसीतल्या डावे-उजवे अशा अर्थाच्या शब्दांपासून तो आला असे सांगतात, कारण पट्टा अंगावर आडवा जातो. चपरास लावणारा तो चपराशी. मुंबईकडे त्यालाच पट्टेवाला म्हणत. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या पट्ट्यावरून. 'चोब' म्हणजे लाकूड, चोब धरणारा तो चोपदार. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींपुढे चालणारा चोपदार अनेकांनी पाहिला असेल. मला मात्र वारीतला चोपदार अधिक आवडतो. ज्ञानोबांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी तो चोप उंच करतो आणि लाखभर माणसांचा टाळ-मृदंग क्षणात थांबतो. काठी कोणाला न लागता इतके काम करते, असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

असो. काठी येते कुठून? आमच्याच जंगलातून. चंद्रपूर-गडचिरोलीत मुख्यतः दोन जातींचे बांबू, मानवेल आणि कटांग. कटांग जाड, पोकळ, काटेरी. मानवेल बारीक. कोरड्या, मुरमाड टेकडीवर वाढला की आतून जवळजवळ भरीव होतो, म्हणून त्याला नर बांबू म्हणतात. लाठीला हाच लागतो. ओला असतानाच विस्तवावर धरून त्याचा बाक काढायचा, सावलीत वाळवायचा, तेल पाजायचे आणि टोकाला लोखंडी किंवा पितळी शेंबी बसवायची. माझ्याकडच्या एका काठीची शेंबी झिजून कागदासारखी पातळ झाली आहे. ती किती कोस चालली असेल याचा मी कधी कधी विचार करतो. आमचा जिल्हा तेव्हा फारच लांब होता. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंचाही चांद्याला जोडला गेला. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होईपर्यंत चांद्याचा कागद पार इंद्रावतीपर्यंत जायचा.

गोष्ट अशी की ज्या गोंड-माडिया माणसाच्या पाठीवर ती लाठी पडायची, त्याला तोच बांबू तोडायला परवानगी लागत असे. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारचे केले. बुरडाला टोपल्या-सुपांसाठी खात्याच्या कार्डावर बांबू मिळायचा आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याला ट्रक भरून. नाकेदाराचा बिल्ला हा त्या काळी गावातला सर्वांत वजनदार दागिना! २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच. ती अडचण २७ एप्रिल २०११ रोजी सुटली. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने त्यासाठी किती वर्षे घालवली ते इकडच्या लोकांना सांगायला नको. भेट दिलेली वस्तू म्हणाल तर माझ्या मते या दोन जिल्ह्यांतली सर्वांत मोठी भेट ते पुस्तक आहे. त्यावर सही करणारा गावचाच माणूस.

आता कोतवालाविषयी सांगतो, कारण पेटीतला बराचसा माल त्याचाच. शहरी वाचकांना कोतवाल म्हटले की घाशीराम आठवतो, म्हणजे मोठा अधिकारी. आमच्याकडे तो गावचा सर्वांत खालचा सेवक. बहुतेक गावी महार समाजाचा, काही गावी गोंड किंवा इतर. रात्री राखण करायची, दवंडी द्यायची, साहेबाचा मुक्काम पडला तर वेठबिगारीला माणसे गोळा करायची, चोराचा माग काढायचा, मेलेल्या माणसाची वर्दी द्यायची. आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यावर जाऊन गावातले जन्म-मृत्यू नोंदवायचे. पावसाळ्यात नाले भरलेले, तरी जायचेच. त्याच्या हातातली काठी ही मारायची नव्हती. घुंगरू बांधलेली ती काठी वाजली की सरकार आले असे गावाला कळे, आणि सवर्णांच्या अंगणात सरकारबरोबर सावलीही आली हेही कळे. एकाच काठीने त्याला अधिकार दिला आणि पायरीही दाखवली.

ब्रह्मपुरीकडच्या एका गावात अशीच एक काठी आहे असे कानावर आले, म्हणून मी गेलो होतो. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर. माझ्याच वयाचे गृहस्थ. म्हणाले, "काठी होती ना गुरुजी. बाबानं चुलीत घातली. घुंगरं तेवढी सोडवून बहिणीला खेळायला दिली." केव्हा? तर १९५६ साली, चांद्याहून परत आल्यावर. नागपूरची १४ ऑक्टोबरची दीक्षा सर्वांना माहीत असते. १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले आणि तिथेही धम्मदीक्षा झाली, हे आमच्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणी ध्यानात ठेवत नाही. त्या दीक्षेहून घरी आलेल्या माणसाने पहिले काम हे केले. मी विचारले, "आणि बिल्ला?" ते आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला बिल्ला घेऊन आले. "हा सरकारचा. परत मागितला असता तर?" साठ-पासष्ट वर्षे तो वाट पाहत फडक्यात पडून होता. तो त्यांनी मला दिला नाही, आणि ते मला फार बरे वाटले. आजोबांचे नाव मात्र त्यांनी सांगितले. ते मी वहीत लिहून घेतले.

त्या कोतवालांनी ठाण्यावर नेलेल्या नोंदींचे काय झाले, हे ऐकण्यासारखे आहे. त्या आज अनमोल आहेत. जात पडताळणीसाठी धावपळ करणाऱ्या पोरांना विचारा. तहसिलीत त्यांना 'कोतवाल बुकाची नक्कल' मागतात. अनुसूचित जमातीचा दाखला हवा तर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पणजोबाच्या जन्माची किंवा मृत्यूची, जातीसह लिहिलेली ओळ बहुधा याच बुकात सापडते. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या त्या एका ओळीवर ठरल्या. अंगठा उठवणाऱ्या माणसाने पायी नेलेली बातमी आज पदवीधर पोरांना तारते. २०२५ पासून सरकारने कोतवालाचे नाव 'महसूल सेवक' केले आहे. नाव चांगले आहे. चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा ही त्यांची जुनी मागणीही चांगली आहे.

कोरीव मजकुराच्या भेटी आमच्याकडे कोणालाच मिळाल्या नाहीत असे नाही. मिळाल्या, पण निष्ठेबद्दल. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाकेंनी उठाव केला. कॅप्टन क्रिक्टन हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी बाबूरावांना धरून दिले आणि बक्षिसादाखल त्यांना गावे मिळाली. पोलिसांसाठी १९०९ मध्ये किंग्ज पोलीस मेडल सुरू झाले. त्याच्या कडेवर मिळवणाऱ्याचे नाव कोरत. आपल्याकडच्या पोलिसाचे नाव सरकारने धातूवर कोरले ते असे, आणि तेही नखाएवढ्या जाडीच्या कडेवर. काठीवर नाहीच.

१६ ऑगस्ट १९४२ ला आमच्या जिल्ह्यातल्या चिमूरला गोळी चालली. बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. मग जमाव चवताळला आणि त्याने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. पुढे फौज आली आणि गावातल्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींना दोन महिन्यांवर उपोषण करावे लागले. चिमूरच्या हुतात्म्यांची नावे आपण दरवर्षी घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण पोटासाठी पट्टा बांधलेला एखादा साधा शिपाईही अशा दिवशी मरतो. त्याच्या घरी कोण गेले असेल, हा विचार माझ्यासारख्या पट्टे गोळा करणाऱ्याच्या मनात येतो. काही वाचकांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे.

आमच्याकडे तर हा विचार टाळताच येत नाही. गडचिरोलीत १ फेब्रुवारी २००९ रोजी मरकेगावला पंधरा पोलीस गेले, त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला लाहेरीला सतरा, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला पंधरा आणि त्यांच्या गाडीचा चालक. यांतले कितीतरी याच मातीतले, गोंड-माडिया घरांतलेसुद्धा. नक्षलवाद्यांनी खबरे म्हणून पोलीस पाटलांनाही मारले. त्या भीतीने काहींनी राजीनामे दिले. एका निवृत्त पोलीस पाटलाने मला सांगितले की त्या काळात तो आपला बिल्ला घरात ठेवत नसे, वावरात मोहाच्या झाडाखाली पुरून ठेवत असे. काम पडले की उकरून काढायचा. तो बिल्ला आज माझ्या पेटीत आहे. माती अजून अक्षरांत बसलेली आहे. मी ती मुद्दाम काढलेली नाही.

२१ ऑक्टोबरला चंद्रपुरात असाल तर दोन गोष्टी पाहाव्यात. १८५८ मध्ये याच तारखेला बाबूराव शेडमाकेंना चांद्याच्या तुरुंगापाशी फाशी दिले. तिथल्या पिंपळापाशी दरवर्षी गोंड समाज श्रद्धांजलीला जमतो. आणि हाच दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात, कारण १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस पडले. त्या दिवशी पोलिसांच्या मैदानावर वर्षभरात कर्तव्यावर मेलेल्यांची नावे मोठ्याने वाचतात. इकडे सरकारने फाशी दिलेल्याचे नाव, तिकडे सरकारसाठी मेलेल्यांची नावे, एकाच शहरात, एकाच तारखेला. तारखांचा हा योगायोग आहे, कोणी जुळवलेला नाही. मी अनेक वर्षे आधी पिंपळाकडे गेलो आहे आणि मग जमेल तसा मैदानाकडे. हल्ली गुडघे साथ देत नाहीत.

तर भाचेबुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: काठ्यांवर काही लिहिलेले नाही, म्हणून मी वही घातली आहे. तिच्यात पाच रकाने आहेत. वस्तू, गाव, वस्तूवरचा मजकूर, कोणाकडून मिळाली, आणि ती कोण वापरत होते त्याचे नाव. पाचवा रकाना भरल्याशिवाय मी शक्यतो वस्तू पेटीत ठेवत नाही. सव्वीस वस्तूंपैकी बावीस नावे लागली आहेत. चार वस्तू भंगारवाल्याकडून आल्या, त्यांचा शोध चालू आहे. त्यांतला एक बिल्ला राजुरा-गोंडपिपरीकडचा असावा असे भंगारवाला सांगतो, त्यावरचा आकडा ४१.

नातेवाइकांपैकी आणि ब्लॉगवाल्या मित्रांपैकी ज्यांची मुळे या भागात आहेत, त्यांनी दिवाळीत घरची माळवदे आवरताना एवढे करावे. पट्टा, बिल्ला, शेंबी लावलेली काठी सापडली तर मला पाठवू नका, घरीच ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आजोबांचे पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूला दोऱ्याने बांधा. पेनाने लिहा, पेन्सिलीने नको, पुसते.